निबंधातला मुद्दा दमदार का पोकळ, हे ठरवायचं कसं? दारूबंदीच्या दोन निबंधांवरून परीक्षकांत वाजलंय

अभ्यासिकावाला

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रम्हपुरीकडल्या एका गावात आम्ही काही जण मिळून अभ्यासिका चालवतो, पोलीस भरती अन् एमपीएससीवाली पोरंपोरी बसतात. 26 जानेवारीसाठी निबंध स्पर्धा ठेवली, विषय 'जिल्ह्यात दारूबंदी हवी की नको'. विषय कोणी सुचवला ते विचारू नका, पण निबंध भरपूर आले. तपासायला मी, गावातले रिटायर हेडमास्तर सर अन् कॉलेजच्या एक मॅडम. भाषेला 10, शुद्धलेखनाला 5, अन् 'मुद्द्यांची मजबुती' म्हणून 10 मार्क ठेवले आणि सगळी भानगड या शेवटच्या 10 वर अडकली आहे.

एक निबंध मुलीचा, बंदीच्या बाजूनं. अक्षर सुरेख, राष्ट्रसंतांच्या ओव्या, बाजाराच्या दिवशी बाप घरी यायच्या आधी आई पैशाचा डबा तांदळाच्या कोठीत कसा खुपसते ते असं लिहिलंय की सरांच्या डोळ्यात पाणी आलं. शेवटचा भाग जसाच्या तसा देतो:

"गडचिरोलीच्या माऊल्यांनी 1993 साली बंदी मिळवली. गांधीजींच्या वर्ध्यात तर त्याही आधीपासून बंदी आहे, म्हणूनच तिथे कोणी दारूला शिवत नाही. ज्याला समाजाची चाड आहे तो बंदीला विरोध करूच शकत नाही."

दुसरा एका पोराचा, विरोधात. अक्षर म्हणजे वाचता वाचता मान दुखते, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्यातलं हे (शुद्धलेखन मी नीट केलंय):

"चंद्रपूर जिल्ह्यात 2014 ला बंदी केली अन् 2021 ला उठवली. बंदीच्या काळात दारूचे गुन्हे लय वाढले म्हणजे दारू वाढली. वणीकडून (शेजारचा यवतमाळ जिल्हा, तिथं बंदी नाही) यायची, तेलंगणातून यायची. आधी दुकानात मिळायची ते घरपोच मिळायला लागली, तेही दुप्पट भावात. शाळेतली पोरं माल पोचवायला लागली. म्हणून जिल्ह्याची बंदी नको, ज्या गावाले पायजे त्यानं आडवी बाटली (बायांच्या मतदानानं दुकान बंद) करावं, कायदा आहेच."

हेडमास्तर सरांनी मुलीला 10 पैकी 8 दिले, पोराला 4. मॅडमनी उलटं, मुलीला 4 अन् पोराला 8. मी मधात. माझी अडचण अशी की मी स्वतः बंदीवाला माणूस आहे, 2015 च्या आधी बायांच्या मोर्चात चाललो आहे, त्यामुळे मुलीचं सगळंच पटते अन् पोराचं वाचताना आपोआप चुका शोधत बसतो. मत बाजूला ठेवून नुसता मुद्दा किती दमाचा आहे हे तपासायची काही रीत आहे का? 'सर्व बाबींचा विचार करावा' असलं मोघम नको, कागद पुढं घेऊन बसल्यावर काय करायचं ते सांगा.

निवृत्त_तर्कवाला

मी ज्युनिअर कॉलेजला तर्कशास्त्र शिकवायचो, आता वर्ध्याला घरीच असतो, वेळ भरपूर आहे, तेव्हा लांब लिहितो.

पहिले लाल पेन घ्या अन् दोन्ही निबंधांतले 'म्हणून', 'म्हणूनच', 'म्हणजे', 'त्यामुळे' हे शब्द गोल करा. मुद्दा तिथंच असतो, बाकी सगळं वर्णन. गोलाच्या आधी काय लिहिलंय अन् नंतर काय लिहिलंय ते वेगळ्या कागदावर उतरवा, अन् प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: आधीचं शंभर टक्के खरं धरलं तरी नंतरचं खोटं निघू शकते का? जितक्या सहज निघू शकते तितका मुद्दा कच्चा. यात तुमचं मत कुठंच येत नाही.

आता पोराचं पाहा. "दारूचे गुन्हे वाढले म्हणजे दारू वाढली." 31 मार्च 2015 पर्यंत जी बाटली परवान्याच्या दुकानातून घेतली तर काहीच होत नव्हतं, तीच 1 एप्रिलपासून जवळ सापडली की केस. मग केसेस वाढणारच ना. दारू वाढली तरी केसेस वाढतील, दारू निम्मी झाली तरी वाढतील, अन् पोलिसांनी नुसत्या धाडी जास्त टाकल्या तरीही वाढतील. आपल्या न्यायदर्शनात याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात, म्हणजे दिलेलं कारण साध्य (जे सिद्ध करायचं ते) असतानाही सापडते अन् नसतानाही सापडते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. डोंगरावर धूर दिसला तर आग आहे म्हणता येते, पण आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते अन् धूर नसतो, हे उदाहरण आमच्या पोरांना पाठ असायचं. पोरानं तेच केलंय, आगीवरून धूर ठरवला. अन् एकटं त्यानंच केलं असं नाही, 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं बंदी उठवली तेव्हा अवैध दारू अन् गुन्हेगारी वाढली हेच कारण पुढं होतं. मोठ्या माणसांचा मुद्दा आहे म्हणून तो पक्का होत नाही.

दुसरं त्याचं, "दुप्पट भावात." हे तर त्याच्याच अंगावर येते. भाव दुप्पट झाला तर निदान काही लोक कमी पितील, नवीन पोरगा तर सुरूच करताना विचार करेल, म्हणजे हा पुरावा बंदीच्या बाजूनं गेला. शास्त्रात याला विरुद्ध म्हणतात, जे सिद्ध करायचं त्याच्या उलटच सिद्ध करणारं कारण. हां, त्यानं पुढं एक ओळ लिहिली असती की पिणारा तेवढंच पितो अन् घरातले दुप्पट पैसे जातात, तर मुद्दा फिरला असता. पण ती ओळ नाही, अन् परीक्षकानं ती आपल्या मनानं भरायची नाही. बहुतेक परीक्षक इथंच गडबडतात, आवडत्या बाजूच्या पोरांच्या रिकाम्या जागा आपण भरून देतो अन् दुसऱ्याच्या मोजतो.

मुलीचं. "म्हणूनच तिथे कोणी दारूला शिवत नाही." मी वर्ध्यात राहतो. शिवतात. चांगले दोन्ही हातांनी शिवतात. इथं तर गोलाच्या आधी जायचीही गरज नाही, नंतरचंच वाक्य खोटं आहे. अन् "ज्याला समाजाची चाड आहे तो विरोध करूच शकत नाही" हा मुद्दाच नाही, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याला नालायक ठरवून टाकलं. याला 0, उणे असते तर उणे दिले असते.

राहिला तुमचा कल. त्यावर मी एक उपाय करायचो. जो मुद्दा पटला तो तसाच्या तसा उलट बाजूच्या तोंडी घालून पाहायचा. "वर्ध्यात बंदी आहे म्हणून कोणी पीत नाही" हे पटते ना, मग "यवतमाळात बंदी नाही म्हणून घराघरात पितात" हे पटेल का? नाही पटलं तर पहिलंही मुद्द्यामुळे पटलं नव्हतं, आपलं माणूस बोलते म्हणून पटलं होतं.

पोट्टा_वणीचा

अबे वणीवाल्याईले कायले मधात ओढता बाप्पा 😀 मोठ्ठी वर्धा नदी आहे मधात, पुलावर नाका होता, तरी जे यायचं ते यायचंच.

मी एकच सांगतो. हस्ताक्षर पायलं की मार्क ठरून जाते. मी बारावीले असताना याच अक्षरानं मार खाल्ला. तुमी दोन्ही निबंध कोणाकडून टाईप करून घ्या, नावं काढा, मंग वाचा. मुलगी, पोरगा, कोणाची पोरगी, कोणत्या मोहल्ल्यातला, हे गावात सगळ्याईले माहीत रायते. तेच पहिले झाका, मंग शास्त्र लावा.

बचतगटवाली

तर्कवाल्या सरांचं वाचलं, पटलंही बरंच, पण एक बोलतेच. तुम्ही मुलीचा डब्याचा प्रसंग 'बाकी सगळं वर्णन' म्हणून एका शब्दात झाडून टाकला. ते वर्णन नाही जी, तो पुरावा आहे. ज्या घरात राहिली तिनं ते पाहिलं आहे, कोणाच्या भाषणातून उचललं नाही. प्रश्न एवढाच की पुरावा कशाचा? दारूनं घर पोखरते, बाईला पैसा लपवावा लागते, याचा तो पक्का पुरावा आहे अन् त्याचे मार्क द्यायलाच पाहिजे. पण बंदी केली की हे थांबते, याचा तो पुरावा नाही. तिनं डब्यावरून सरळ बंदीवर उडी मारली, मधातली पायरी नाही. बंदीच्या सहा वर्षांत तो डबा कोठीतून बाहेर आला का, हे तिनं एका ओळीत लिहिलं असतं तर सगळ्या ओव्यांपेक्षा भारी पडलं असतं. तिला माहीतही असणार, तिच्याच घरातलं आहे.

रिद्धपूरकडे आमचं माहेर, घरात महानुभावी वातावरण. आमचे आजोबा दृष्टांत सांगायचे तर त्याचे तीन भाग असतात म्हणायचे, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या सूत्राला कशी लागू होते ते. पोरंपोरी आजकाल सूत्र लिहितात, दृष्टांत लिहितात, अन् तिसरं सोडून देतात. वाचणाऱ्याचं मन भरून आलं की झालं. तुमच्या सरांचं भरून आलं अन् त्यांनी तिसरा भाग मागितलाच नाही.

आता पोराच्या आडवी बाटलीबद्दल, कारण या कामात मी फिरले आहे. गावातल्या 25 टक्के बायांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागते, अन् दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, जितक्या आल्या तितक्यांच्या निम्म्या नाही. जी बाई धान रोवायला गेली अन् आली नाही तिचं मत उभ्या बाटलीत गेल्यासारखंच. अन् मुख्य म्हणजे हे फक्त परवान्याच्या दुकानाला लागते. मोहाच्या दारूला, हातभट्टीला आडवी बाटली काय करणार? पोरानं 'कायदा आहेच' म्हणून दोन शब्दांत आटोपलं.

शिवाय त्याचा मुद्दा त्यालाच कापते. तो म्हणते जिल्ह्याची बंदी टिकली नाही कारण वणीकडून माल यायचा. मग एका गावानं बंद केलं तर शेजारच्या गावातून येणार नाही का? ते तर सायकलवर जमते, नदीही नाही मधात. जो दोष दाखवून एक उपाय फेटाळला तोच दोष आपल्या उपायात जास्त असेल तर त्याचं उत्तर द्यावं लागते. उत्तर आहे, नाही असं नाही, गावात बायांची नजर असते, कोण आणते ते नावानिशी माहीत असते, जिल्ह्यात ते होत नाही. पण ते त्यानं लिहायला पाहिजे होतं, मी नाही.

मेन्सवाला_गडी

मी एमपीएससी करतो, थोडं त्या अंगानं. 2025 पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली, निबंधाचाच पेपर 250 मार्कांचा, म्हणून आमच्याकडे सगळे क्लासवाले निबंधाच्या मागं लागले आहेत अन् सगळ्यांचा साचा एकच, आधी बंदीचे फायदे, मग तोटे, मग 'सुवर्णमध्य साधला पाहिजे, कायद्यासोबत प्रबोधनही हवे'. तुमच्या अभ्यासिकेतल्या बाकी निबंधांत हेच असणार, पैज लावतो. असं वाचलं की परीक्षकाला वाटते वा, काय समतोल पोरगं आहे. पण त्यात मुद्दा कुठं आहे? पाच फायदे अन् पाच तोटे लिहून मधात उभं राहायला काहीच लागत नाही. कोणता तोटा कोणत्या फायद्यापेक्षा जड अन् कायले, हे लिहिलं तर मुद्दा.

त्यापेक्षा या दोघांनी ठाम बाजू घेतली हे मला चांगलं वाटलं. पण ठाम बाजू घेतली की दावा किती मोठा केला ते पाहावं लागते. "कोणी शिवत नाही" सिद्ध करायला अख्खा जिल्हा कोरडा दाखवावा लागेल, एक माणूस पिताना सापडला की खेळ खतम. तेच ती "बंदीमुळे राजरोस पिणं कमी होते, बसस्टँडवरून रात्री जाताना बायांना कमी त्रास होते" एवढंच म्हणाली असती तर तिच्याजवळचा पुरावा पुरला असता. पुरावा तोच, दावा आवरला की मुद्दा मजबूत. आपल्याकडे उलट समज आहे, जितकं मोठं बोलू तितकं दमदार.

अन् पोराकडून एक राहिलं ते म्हणजे काळ. 2015 ते 2021 मध्ये नुसती बंदी नव्हती, नोटबंदी झाली, 2020 चं लॉकडाऊन झालं, तेव्हा तर राज्यभर दुकानं बंद होती. त्या सहा वर्षांत जे झालं ते सगळं बंदीमुळेच झालं असं धरता येत नाही. शेजारच्या, बंदी नसलेल्या जिल्ह्यात तेव्हा काय झालं ते ठेवल्याशिवाय तुलना होत नाही. पण एवढं गावातल्या स्पर्धेत मागणं म्हणजे जरा जास्तच, मला कळते.

पोट्टा_वणीचा

गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे राज्यात, कोणत्या टपरीवर भेटत नाही ते सांगा. मंग बंदी फसली म्हणाव का नाई?

निवृत्त_तर्कवाला

@पोट्टा_वणीचा, भेटते एवढ्यावरून फसली म्हणता येत नाही. चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा फसला असं आपण म्हणतो का? विचारायचं असते ते हे की बंदी नसती तर आज किती जण गुटखा खात असते. ते कळायला अवघड आहे हे खरं, पण अवघड आहे म्हणून सोपा प्रश्न त्याच्या जागी बसवायचा नाही.

@बचतगटवाली ताई, डब्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं घेतो, ते पुराव्याच्या कागदावर जायला पाहिजे. बाकी मेन्सवाल्या गड्यानं दावा आवरायचं जे लिहिलं ते मी वर्गात सांगायला तासभर घालवायचो.

अभ्यासिकावाला

लय मदत झाली. काल तिघं बसून लाल पेनाचं केलं. गंमत म्हणजे मुलीच्या चार पानांत 'म्हणून' फक्त तीनदा आलं अन् पोराच्या दीड पानात कितीतरी जास्त. हेडमास्तर सर म्हणाले, गोल जास्त म्हणजे काय मुद्दे पक्के झाले का. बरोबर आहे त्यांचं. पण निदान पोरगा प्रत्येक ठिकाणी काहीतरी सांगून पुढं जायचा प्रयत्न करते, त्यात चुकलं कुठं ते बोट ठेवून दाखवता येते. मुलीच्या निबंधात बोट ठेवायला मुद्दाच सापडत नाही. मॅडमचं तेच म्हणणं होतं, पण सरांच्या डोक्यात जात नव्हतं, आता जरा जरा जाऊन राहिलं.

आता नवीन भांडण. पोरानं बंदीचं साल 2014 लिहिलं, ते 2015 पाहिजे. सर म्हणतात तथ्यच चुकलं तर मुद्द्याचे मार्क कापा. मुलीचंही वर्ध्याचं चुकलंच आहे. मग दोघांचे सारखे कापायचे का?

निवृत्त_तर्कवाला

सारखे नाही. चुकीचं तथ्य खोडून बरोबर ते लिहा अन् परत वाचा. पोराचं 2014 खोडून 2015 केलं तर त्याच्या एकाही मुद्द्याला धक्का लागत नाही, जे कच्चं होतं ते कच्चं राहते अन् जे बरं होतं ते बरं. ती चूक माहितीच्या खात्यात टाका, अर्धा मार्क फार तर. मुलीचं "वर्ध्यात कोणी पीत नाही" खोडून "वर्ध्यात बंदी असूनही मिळते" केलं तर काय उरते? ते वाक्य तिनं बंदी चालते याच्या पुराव्यासाठी घातलं होतं अन् बंदी चालते याचा तिच्याजवळ दुसरा पुरावा नाही. तिथे मुद्दाच जाते.

माझे मार्क विचाराल तर पोराला 5, मुलीला 4. पोराला 8 देणं मला पटत नाही, मॅडमना नमस्कार सांगा. त्याचा एकच मुद्दा मला खरोखर चांगला वाटला अन् त्यावर इथं कोणी बोललंच नाही, शाळेतली पोरं माल पोचवायला लागली. ते नुकसान बंदीमुळेच होते, परवान्याच्या दुकानाला पोरगा लागत नाही. कारण अन् परिणाम सरळ जुळतात. त्यानं ते एका ओळीत सोडलं अन् गुन्ह्यांच्या आकड्याला धरून बसला.

बचतगटवाली

हो जी, ते खरं आहे. आमच्याकडे दप्तरातून जायचं.

अभ्यासिकावाले भाऊ, 5 अन् 4 मध्ये काही फरक नाही, उद्या कोणी तिसरा आला तर 4 अन् 5 करेल. बक्षीस द्यायच्या आधी दोघांना बोलवा, एकेक प्रश्न विचारा अन् त्याचे मार्क धरा. मुलीला विचारा, बंदी होती तेव्हा आई डबा कुठं ठेवायची? अन् पोराला विचारा, तुझ्या गावानं आडवी बाटली केली अन् पलीकडच्या गावानं नाही केली, मग?